डावीकडची दुसरी खुर्ची

सरांनी मला फसवलं आणि मी बारवेच्या वस्तीवरच्या सात बायकांना फसवलं. सरांनी ते समजून-उमजून केलं, माझ्याकडून ते फुशारकीत झालं. बायकांना या फरकाचा काही उपयोग नाही. त्यांची गाडी गेली ती गेलीच.

सरांचं नाव छापायचं नाही, अशी संपादकांची अट आहे. मी बरीच घासाघीस केली. पूर्ण नावावरून आडनावावर आलो, आडनावावरून पहिल्या अक्षरावर आलो, पण ते बधले नाहीत. तेव्हा इथे नुसतं 'सर'. ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. हा अंक त्यांच्या घरी जातो, हे मला पक्कं माहीत आहे.

मी फॅब्रिकेशनवाला. लोखंड कापायचं, वाकवायचं, जोडायचं. शाळा सातवीपर्यंत. केडगावला एका गॅरेजात पंक्चर काढत होतो, तिथून वेल्डिंगला लागलो आणि पुढे नागापूरच्या एमआयडीसीत स्वतःची शेड टाकली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळांची गेटं, साखर कारखान्याच्या साखळ्या, असं पोटापाण्याचं काम तीसेक वर्षं केलं. डोकं तापट, हे सगळ्या नागापूरला माहीत आहे. गिऱ्हाइकाशी भांडलो नाही असा आठवडा गेला नसेल. पण माझ्या शेडमधून गेलेलं काम मोडून परत आलं, असं कोणी दाखवून द्यावं.

पोटापाण्याच्या कामाला मजा नसते. मजा आली ती पायडलच्या गाड्यांत. तिथे इंजिन म्हणजे माणूस. लोखंड सांगाल तसं वाकतं, माणूस वाकत नाही. शिवाय एका गाडीवर अनेक माणसं बसवून सगळ्यांकडून पायडल मारून घ्यायचं म्हटलं, की एकाच गाडीला सात इंजिनं लावल्यासारखं होतं आणि सातही वेगळ्या कंपनीची.

पहिला धडा मला केडगावच्या एका बँडवाल्याने दिला. त्याला अशी गाडी हवी होती, की वऱ्हाडापुढे सहा वादक बसलेत, वाजवतायत आणि पायडल मारत पुढे चाललेत. मी म्हटलं, "शेठ, कर्णा फुंकणारा माणूस पायडल मारणार कधी?"

तो म्हणाला, "तुम्ही गाडी करा. श्वासाचं मी बघतो."

केली. अर्धी गल्ली चालली. कर्णेवाले धापा टाकायला लागले, एकटा ढोलकीवाला पायडल मारत होता, आणि नवरदेवाचा घोडा गाडीच्या पुढे निघून गेला. बँडवाल्याने ती गाडी पुढे भाजीवाल्याला दिली. मी एवढं शिकलो, की आधी माणूस नीट बघायचा, लोखंडाला हात नंतर लावायचा. शिकलो असं मला वाटलं होतं.

आता हौसाबाई. माझी बायको रूथ मिरजगावची. हौसाबाई तिच्या वर्गातली. चौथीनंतर हौसाबाईंची शाळा सुटली, रूथ पुढे शिकून मास्तरीण झाली, पण दोघींचं येणं-जाणं राहिलं. आठेक वर्षांपूर्वी हौसाबाई घरी आल्या, चहा घेतला आणि रूथला म्हणाल्या, "तुझ्या मिस्त्रीकडं काम हाय."

काम असं होतं. बारवेची वस्ती मिरजगावच्या हायवेपासून पाच किलोमीटर आत. वस्तीवरच्या सात बायका हायवेवरच्या कांद्याच्या शेडमध्ये निवडणीला जायच्या. मुकादम आठला फाटक लावायचा. आठ वाजून गेले की बाई परत. रस्ता डांबरी, पण त्या रस्त्याला एसटी नाही आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून रोज पाच किलोमीटर चालत जायचं, दिवसभर उकिडवं बसून कांदा निवडायचा आणि पाच किलोमीटर चालत यायचं.

मी म्हटलं, "सायकली घ्या की सात."

"सात जनींत सायकल एकट्या शालनला येती. आनि कोंडाबाईचा पाय लहान-मोठा हाय, तिला आयुष्यात यायची न्हाई. ती मागं ऱ्हायली तर आमी पुढं जाऊन काय करू? गाडी एकच पायजे. सगळ्या बसतील अशी."

"इंजिन लावू?"

"त्याला तेल कोन घालनार, तुमी?"

कोंडाबाईंच्या पायाचं वाक्य मी त्या दिवशी ऐकलं. ऐकून सोडून दिलं. त्याची शिक्षा पुढे मिळाली.

मजुरीचं इथे काही लिहीत नाही. बायकांनी माझं काही ठेवलं नाही, एवढं पुरे.

पहिला नमुना मी सायकलच्या सीटा लावून केला आणि दाखवायला हौसाबाईंना नागापूरला बोलावलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "मिस्त्री, नऊवारी नेसून आमी घोड्यावर बसनार न्हाई. पाटावर बसल्यावानी बसवा."

मी चिडलो. सायकलची सीट जगभर अशीच असते, वगैरे बोललो. त्या म्हणाल्या, "जग बसतंय तर जगाला विका." आणि रूथकडे जेवायला निघून गेल्या. दोन दिवस मी त्या सांगाड्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सीटा कापून काढल्या आणि खुर्च्या लावल्या. पाठ टेकायची, पाय समोर लांब करायचे आणि पायडल समोर. लुगड्याचा काठ साखळीत जाऊ नये म्हणून सगळ्या साखळ्यांवर पत्र्याचं झाकण. आज सांगतो, हौसाबाईंचं बरोबर होतं. पाठ टेकली की माणूस दुप्पट जोर लावतो.

खुर्ची आली म्हणजे माप आलं. पायडल किती लांब ठेवायचं, ते प्रत्येकीच्या पायावर ठरतं. आता परक्या बायकांच्या पायांचं माप मी कसं घेणार? मी टेप घेऊन वस्तीवर गेलो आणि पारावर नुसता बसून राहिलो. बायका पदराआड हसत होत्या. शेवटी हौसाबाईंनी टेप बाजूला ठेवला आणि सुतळी मागितली. एकेकीला भिंतीला पाठ लावून बसवलं, उजवा पाय लांब करायला लावला आणि भिंतीपासून टाचेपर्यंत सुतळी धरून गाठ मारली. गाठ कोणाची, ते कळावं म्हणून प्रत्येकीने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी गाठीत अडकवली. मी पाठमोरा बसून चिलटं हाकत होतो. सात गाठी, सात रंगांच्या चिंध्या. ती सुतळी घेऊन मी नागापूरला आलो आणि तिच्यावर सात खुर्च्या बसवल्या. पुढे एकटी शालन, हातात हँडल. तिच्या मागे दोन-दोनच्या तीन रांगा.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून यंत्राचं थोडं सांगतो. गाडीच्या मधोमध एक लांब दांडा. प्रत्येक पायडलची साखळी त्या दांड्यावर येते. दांडा मागच्या आसाला फिरवतो. आस आणि त्यातला डिफरन्शियल जुन्या रिक्षाचा, कारण वळणावर दोन चाकं कमी-जास्त फिरावी लागतात, नाहीतर गाडी फरफटते. ब्रेक जुन्या स्कूटरचे. इथवर सोपं. पण सगळी पायडलं दांड्याला थेट जोडली, तर एकीचा पाय सुटला तरी तिचं पायडल फिरतच राहतं आणि नडगी फोडतं. म्हणून प्रत्येकीच्या साखळीला वेगळं फ्रीव्हील लावलं. सायकल उतारावर सोडली की मागे टकटक वाजतं ना, ते फ्रीव्हील. पाय थांबवला तरी गाडी चालते.

आणि त्या टकटकीनेच सगळी गंमत केली.

गाडी बघायला सातजणी टेम्पोत बसून नागापूरला आल्या, तो रविवार होता. कारखाने बंद, रस्ते मोकळे. मी आणि रूथ चर्चमधल्या उपासनेहून परस्पर शेडवर आलो होतो. बायका बसल्या, शालनने हँडल धरलं. "हं, मारा," हौसाबाई म्हणाल्या. गाडी हलली. गेटावरचे वॉचमन खुर्च्या सोडून उभे राहिले. एकाने विचारलं, "कुठली यात्रा?" शालन म्हणाली, "मुकादमाची."

मी मागून सायकलवर. कोपऱ्याला वळताना गाडी फरफटली नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मोठमोठी कामं केली मी, साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी हार घातला होता एकदा. पण त्या वळणासारखं काही नाही. अजून मी त्या रस्त्याने गेलो, की कोपऱ्यावर पाय आपोआप हळू पडतो.

दुसऱ्या फेरीला शालन ओरडली, "कुनाचं घड्याळ वाजतंय?"

तिला लगेच उमगलं होतं. जी पायडल मारत नाही, तिचं फ्रीव्हील वाजतं. म्हणजे अंग चोरणारी आपोआप सापडते. हे मी योजलं नव्हतं, पण योजलं होतं असं मी पुढे वर्षभर लोकांना सांगितलं.

गाडी वस्तीवर गेली. पाऊण तासाच्या आत सगळ्या हायवेला. चढ एकच, ओढ्याजवळचा. तिथे दोघी उतरून ढकलायच्या आणि पाळी लावलेली होती. मुकादम पहिल्या दिवशी फाटकात बघत उभा राहिला म्हणे आणि आठची वेळ विसरला. पहिले दोन महिने मी दर पंधरवड्याला जाऊन साखळ्या ताणून द्यायचो आणि परत येताना त्यांच्याबरोबर हायवेपर्यंत मागच्या दांडीला लटकून यायचो. रस्ताभर बोलणं, आणि मधेच कोणाचं तरी घड्याळ.

"पारूबाई, वाजतंय."

"माझं न्हाई, तुझंच."

"सूनबाईशी भांडून आलीस व्हय? सगळा जोर तिथंच संपला?"

पण एक घड्याळ सारखं वाजायचं. कोंडाबाईंचं. मधली रांग, डावी बाजू. दर फेऱ्याला टक, टक. बाई अबोल. विहिरीच्या कामावर दगड पडून डावा पाय मोडलेला आणि आखूड जुळलेला. सुरुवातीला चेष्टा झाली, मग टोमणे झाले. महिन्याभराने शालन एकदा म्हणाली, "कोंडाबाई, तुमाला आमी फुकट वागवतोय का काय?"

दुसऱ्या दिवसापासून कोंडाबाई चालत जायला लागल्या. पहाटेच निघायच्या. गाडी मागून येऊन पुढे जायची, त्या रस्त्याच्या कडेला तोंड फिरवून उभ्या राहायच्या.

हे मला हौसाबाईंनी रूथच्या फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "यंत्राला काही झालेलं नाही. बाई मारत नसेल."

रूथने फोन माझ्या हातून घेतला आणि ठेवून दिला. मग म्हणाली, "सुतळी आण."

आणली. तिने विचारलं, "ही गाठ तिच्या कुठल्या पायाची?"

उजव्या. सगळ्यांचा उजवा. हौसाबाईंनी एकच पाय मोजला आणि मला एकदाही वाटलं नाही, की एका बाईचे दोन पाय वेगवेगळ्या मापाचे असू शकतात. पहिल्याच दिवशी सांगितलेलं असूनही. उजवा पाय पुरत होता. डावा शेवटपर्यंत पोचतच नव्हता. अर्ध्या फेऱ्यात तिचा जोर सुटायचा, बाकीच्या सहाजणी दांडा पुढे न्यायच्या आणि तिचं फ्रीव्हील वाजायचं. बाई जीव तोडून मारत होती आणि माझं यंत्र तिला कामचोर म्हणत होतं.

मी दुसऱ्या दिवशी बाभळीचा एक ठोकळा तासून घेतला आणि वस्तीवर गेलो. तो डाव्या पायडलवर दोन बोल्टांनी बसवला. जाड ठोकळा पत्र्याच्या झाकणाला लागत होता, म्हणून ठोकळा अर्धा केला आणि उरलेल्या मापासाठी खुर्ची दोन इंच पुढे सरकवली. कोंडाबाई यायला तयार नव्हत्या. मी त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. गाडीची नाही, तुमचीही नाही."

त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "न्हाई वाजलं तर बसंन."

मी गाडीच्या मागे चालत होतो. ओढ्यापर्यंत कान लावून ऐकलं. वाजलं नाही. चढावर उतरायची पाळी कोंडाबाईंची होती. त्या उतरायला लागल्या, तर शालन पुढूनच म्हणाली, "तुमी बसा. तुमच्या पायडलावर चढतीया गाडी." एवढीच माफी. कोंडाबाई बसून राहिल्या आणि लुगड्याचा काठ उगीचच दोनदा सारखा केला.

दीड वर्ष गाडी चालली. मग आसाचं बेअरिंग गेलं, म्हणून बायकांनी ती टेम्पोत घालून माझ्या शेडवर पाठवली. आठ दिवसांचं काम. त्या आठ दिवसांत सर आले.

सरांना मी पूर्वीपासून ओळखत होतो. त्यांच्या कॉलेजची लोखंडी टेबलं मी केली होती. त्यांनी गाडी बघितली, खाली वाकून बघितली, बसून बघितली. "मिस्त्री, हे तुम्ही केलं? कोणाच्या मदतीशिवाय?"

आयुष्यात मला कोणी शिकलेल्या माणसाने असं विचारलं नव्हतं. मी फुललो.

सर म्हणाले, "पंधरा दिवसांसाठी द्या. मुलं मापं घेतील, आम्ही स्पर्धेत मांडू. एखादी कंपनी पुढे आली, तर गावोगाव अशा गाड्या होतील. तुमचं नाव पाटीवर टाकू."

आता मी सौदा करायला बसलो. पाटी केवढी? अक्षरं केवढी? सर दोन इंची म्हणाले, मी तीन इंची करून घेतली. पाटी पितळेची करून घेतली. नाव सर्वात वर करून घेतलं. अर्धा तास घासाघीस केली आणि जिंकलो. पंधरा दिवसांची तारीख कागदावर लिहून घेतली नाही. बायकांना विचारलं नाही. गाडी माझी नव्हतीच, ती त्यांची होती, हे त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. सरांनी एक कागद पुढे केला. इंग्रजीत होता. मला इंग्रजी वाचता येत नाही, हे त्या माणसासमोर म्हणायची लाज वाटली. सही केली.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, सर फोन उचलेनात. बायका परत चालायला लागल्या. दोन महिन्यांनी मी कॉलेजात गेलो. गाडी दर्शनी हॉलमध्ये होती, भोवती दोरी. निळा रंग दिलेला. पाटी पितळेचीच होती, तेवढा शब्द पाळला. तिच्यावर सरांचं नाव आणि चार विद्यार्थ्यांची नावं. खाली बारीक अक्षरांत 'स्थानिक कारागिरांच्या साहाय्याने'.

मी आवाज चढवला. सरांनी खोलीत बोलावून पाणी दिलं आणि तो कागद दाखवला. कारकुनाने वाचून दाखवलं. मी गाडी कॉलेजला भेट दिली होती. सर म्हणाले, "तुम्ही रागावू नका, मिस्त्री. तुम्ही काम सुंदर केलंत. पण काम करणं वेगळं आणि डिझाइन वेगळं."

मी काय बोललो, ते छापण्यासारखं नाही. वॉचमनने दंडाला धरून बाहेर काढलं. जाता जाता दोरीवरून वाकून मी डावीकडच्या दुसऱ्या खुर्चीचं पायडल बघितलं. बाभळीचा ठोकळा नव्हता. काढून टाकला होता. दोन पायडलं एकसारखी दिसावीत म्हणून, दुसरं काय. नुसती दोन भोकं राहिली होती.

वकील करून झाला. कागद पक्का आहे म्हणतात.

मी वस्तीवर गेलो, सगळं सांगितलं. दुसरी गाडी करून देतो म्हटलं, एक पैसा घेणार नाही म्हटलं. हौसाबाईंनी ऐकून घेतलं. "दुसरी नको मिस्त्री. दुसरी केली तर ती बी कुनाला तरी द्याल. आमची हाय ती आना."

मला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

आता शेड बंद केली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ती सुतळी माझ्याकडे आहे. चिंध्यांचे रंग उडाले, गाठी पक्क्या आहेत. कोंडाबाई अजून त्या शेडमध्ये जातात. बाकीच्या थांबतात त्यांच्यासाठी, कधी थांबत नाहीत. पाच किलोमीटर जाणं, पाच किलोमीटर येणं, त्या पायावर.

तर सर, कागद तुमच्याकडे आहे, पाटी तुमची आहे, डिझाइनही तुमचं आहे असं तुम्ही म्हणता. मग मला एकच सांगा. मधल्या रांगेतली डावीकडची खुर्ची बाकीच्यांपेक्षा दोन इंच पुढे का आहे? तिच्या डाव्या पायडलला दोन भोकं कशाची आहेत? ज्याने गाडी केली, त्याला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मला सांगू नका, मला येतं. बारवेच्या वस्तीवर या, गाडी घेऊन या, आणि कोंडाबाईंच्या दारात उभं राहून त्यांना सांगा.